‘टिप्पण्यांसाठी विनंती’ की ‘अभिप्रायार्थ’?

प्रश्न असा आहे: इंटरनेटचे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, ज्या ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ (आरएफसी) दस्तऐवजांतून ठरतात आणि बदलतात, त्यांना मराठीत ‘टिप्पण्यांसाठी विनंती’ म्हणावे का?

मला ते पटत नाही. आपल्या कचेऱ्यांत टिप्पणी लिहितात ती फायलीवर. दुसऱ्या जाणकाराकडून मागवतात तो अभिप्राय. आणि त्यासाठी नेमका शब्द आपल्याकडे आहेच: ‘अभिप्रायार्थ’. मसुद्याच्या प्रतीवर एवढा शब्द लिहिला की विनंती त्यातच आली.

पहिला आरएफसी ७ एप्रिल १९६९चा. तो लिहिणारे स्टीव्ह क्रॉकर तेव्हा लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थी होते. आपण हुकूम सोडतो आहोत असे कुणाला वाटू नये, म्हणून त्यांनी मुद्दाम हे नम्र नाव निवडले. ‘अभिप्रायार्थ’मध्ये ती नम्रता टिकते, ‘मानक’ म्हटले की जाते. शिवाय प्रत्येक आरएफसी मानक नसतोच.

खरी अडचण वेगळीच आहे. आजचा आरएफसी अभिप्राय मागत नाही. ते काम त्याआधीच्या मसुद्यावर होते आणि नवी आवृत्ती आली नाही तर तो मसुदा सहा महिन्यांत बाद होतो. एकदा क्रमांक पडला की पुढे एक अक्षरही बदलत नाही. त्यामुळे ‘आरएफसीत दुरुस्ती केली’ हे वाक्यच चुकीचे. बदल हवा असेल तर नवा आरएफसी काढायचा. वेबपाने मागवण्या-पाठवण्याचा प्रोटोकॉल म्हणजे एचटीटीपी. त्याच्या १.१ या आवृत्तीचा १९९९चा आरएफसी २६१६ घ्या: २०१४मध्ये ७२३० ते ७२३५ या सहा दस्तऐवजांनी त्याची जागा घेतली आणि २०२२मध्ये ९११० व त्याच्या जोडीच्या दस्तऐवजांनी त्या सहांची.

या नात्याला ‘कालबाह्य’ म्हणू नये, कारण जुन्या यंत्रणा जुन्या नियमांवर चालत राहतात. ‘रद्द’ही नको, जुना मजकूर पुसला जात नाही, हवा तेव्हा वाचता येतो. इथे शासन निर्णयांची मराठी मला फार उपयोगी वाटते. आधीच्या निर्णयाची जागा नव्याने घेतली की तिथे ‘अधिक्रमित’ लिहितात. चुकांसाठी ‘शुद्धिपत्रक’ निघते, आरएफसीच्या चुकाही अशाच वेगळ्या नोंदवल्या जातात. या शब्दांना रूक्ष म्हणून आपण नाके मुरडतो, पण त्यांच्याइतका काटेकोर पर्याय मला सापडलेला नाही.

तेव्हा मी लिहीन: ‘आरएफसी ९११०ने आरएफसी ७२३१ अधिक्रमित केला.’ पुल्लिंगी, कारण मनात ‘दस्तऐवज’ असतो.