पेटीवाल्याचा डावा हात

प्रश्न : बँकेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. नाशिकच्या इंदिरानगरला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. चाळीस वर्षं पेटी वाजवतोय, भजनी मंडळात आणि घरी. पत्नी भावगीतं गाते, तिची पट्टी काळी चार. सध्या घरात यामाहाचा पीएसआर-आय ५०० आहे. आता एकदाच काय तो उत्तम अरेंजर कीबोर्ड घ्यावा म्हणतोय. यामाहाचा जेनॉस २ की कॉर्गचा पीए ५एक्स, इथे गाडी अडली आहे. तिच्या आवाजात पंधरा-वीस गाणी घरीच रेकॉर्ड करून नातेवाइकांना द्यायची आहेत. चिरंजीव म्हणतात, एवढे पैसे घालण्यापेक्षा लॅपटॉपवर सॉफ्टवेअर घ्या. काय करावं?

उत्तर : कीबोर्डबद्दल नंतर बोलू. आधी तुमच्या डाव्या हाताचं बघू.

मीही पेटीवरूनच आलो. ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा स्टाइलवाल्या, म्हणजे तयार साथ वाजवणाऱ्या, कीबोर्डवर बसलो तेव्हा उजवा हात नेहमीसारखा पळत होता आणि डावा मधूनच उगाच उचलला जात होता, भाता मारायला! शेजारचा ढोलकीवाला हसून लोळायचा बाकी होता. पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर हवा भरण्याचं काम करतो, सुरांशी त्याचा संबंध नसतो. अरेंजर हे तर डाव्या हाताचंच वाद्य. डावीकडे तुम्ही कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वर एकत्र, धरता आणि त्यावर ड्रम, बेस, गिटार, स्ट्रिंग्ज अशी अख्खी मंडळी वाजू लागतात. कॉर्ड उशिरा बदलली की सगळे मिळून उशिरा चुकतात. लाखांचा कीबोर्ड ही चूक झाकत नाही, उलट जास्त स्वच्छ ऐकवतो.

म्हणून तीन महिने आहे त्याच आय ५०० वर बसा. पांढरी एकला सा धरा, ट्रान्स्पोज उणे ४ करा, म्हणजे बोटं पांढरी एकची आणि आवाज वहिनींच्या काळी चारचा. सा, म आणि प यांच्या तीन कॉर्ड डाव्या हातात मुरवा, मग ध आणि रे यांच्या मायनर. बहुतेक भावगीतांचं या पाचांवर भागतं. रोज एकच गाणं घ्या, उजवा हात मांडीवर ठेवा आणि वहिनींना गाऊ द्या. फक्त डाव्या हाताने त्यांची साथ करता आली की दुकानात जायला तुम्ही तयार झालात.

आता साथ कुठली, तो प्रश्न. जाहिरातीत आकडे असतात, इतके आवाज, इतक्या स्टाइल्स. त्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका, त्यातल्या बऱ्याच स्टाइल्स बॉलरूम आणि पार्टीच्या असतात. आपल्या गाण्यावर त्यातली एखादी लावून बघा. केरवा म्हणजे आठ मात्रा, धा गे ना ती, न क धि न, आणि पाचव्या मात्रेवर खाली. तिथे गाणं श्वास घेतं. पाश्चात्त्य ‘एट बीट’ स्टाइल मोजणीला बरोबर बसते, पण तिचा स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, पडतो तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर, ठॉक, ठॉक. खालीची जागा सपाट होऊन जाते. गाणं तेच राहतं आणि तरी वहिनी म्हणतील, ‘हे कुणाच्या तरी रिसेप्शनचं वाटतंय.’ दादऱ्याचंही तसंच, वॉल्ट्झ लावला की उं-पा-पा सुरू.

यावरचा माझा उपाय साधा आहे. यामाहाच्या स्टाइलमध्ये आठ भाग असतात, दोन ऱ्हिदमचे, एक बेस, दोन कॉर्डचे, एक पॅड (लांब धरलेले सूर), दोन फ्रेजचे (सुरांचे छोटे तुकडे). कॉर्गमध्येही आठच, नावं वेगळी. मिक्सरचं पान उघडायचं आणि दोन्ही फ्रेज, पॅड, एक कॉर्ड असे चार भाग बंद करायचे. उरतो ठेका, बेस आणि मागे हलकी गिटार. मग स्टाइल क्रिएटरमध्ये, म्हणजे स्टाइल बनवायच्या पानावर, जाऊन त्यातला ड्रम काढायचा आणि तिथे स्वतः बोटांनी तबल्याच्या किटवर केरवा भरायचा. चार आवर्तनं पुरतात. पहिल्यांदा याला मला एक अख्खा रविवार लागला होता, आता पाऊण तास लागतो. अशा स्वतःच्या सात-आठ स्टाइल्स झाल्या की कंपनीने दिलेल्या शेकडो तुम्ही उघडणारही नाही.

रागदारीच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यांसाठी आणखी एक खुबी. तिथे मेजर-मायनर कॉर्ड धरली की गंधार आधीच ठरून जातो आणि भैरवी वगैरे गाताना कोमल गंधाराला मेजर कॉर्ड टोचते. यामाहाच्या मोठ्या कीबोर्डवर ‘फिंगर्ड’ पद्धत ठेवून डाव्या हाताने फक्त सा आणि प दाबा. कीबोर्ड त्याला ‘१+५’ म्हणून ओळखतो, अख्खी साथ गंधार सोडून वाजते आणि तानपुऱ्यासारखा पाया मिळतो. दुकानातल्या मुलांना हे सहसा माहीत नसतं. तुम्हीच करून दाखवा.

सुराचंही बोलायला हवं, कारण तुमचा कान पेटीवर तयार झाला असला तरी वहिनींचा गाऊन तयार झालाय. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट). गळ्यातला, तानपुऱ्याशी जुळणारा, साधारण ३८६ वर. हे १४ सेंट त्यांना लांबवलेल्या गंधारावर जाणवतील. जेनॉस २ आणि पीए ५एक्स दोन्हींत एकेक स्वर सेंटने खालीवर करता येतो. कॉर्ग यात जास्त सुटसुटीत वाटतो, अरबी संगीतवाले त्याच्यावर प्रेम करतात त्यामागे हेही कारण आहे. पण बेस आणि गिटार समान स्वरांतरांत वाजत असताना एकटी बासरी हलवली तर भांडण वाढतं. मी हा खेळ फक्त तानपुरा-तबला-बासरी अशा गाण्यांत करतो.

मग घ्यायचं काय? २०२३ मध्ये आलेला जेनॉस २ मी वाजवलाय. ७६ पट्ट्या, ९ इंची टच स्क्रीन, आणि स्ट्रिंग्ज अशा की दोन मिनिटं मी नुसता एकच स्वर धरून बसलो होतो. पट्टी दाबल्यावर आणखी जोर दिला की आवाज बदलतो, पेटीवाल्याला भात्याचा दाब परत मिळाल्यासारखं वाटतं. पीए ५एक्स ६१, ७६ आणि ८८ पट्ट्यांत मिळतो, त्याचे ड्रम मला अधिक रांगडे वाटतात. पण या दोघांनाही स्वतःचे स्पीकर नाहीत. हे वाचून हसू नका. सिडकोतल्या माझ्या एका मित्राने असाच महागडा कीबोर्ड घरी आणला, हार घातला, पेढे वाटले, सुरू केला आणि आवाजच नाही. शेवटी टीव्हीच्या साउंडबारला जोडून त्या दिवशीची वेळ मारून नेली.

तुमच्या जागी मी असतो तर यामाहाचाच २०२४ चा पीएसआर-एसएक्स ९२० घेतला असता. ६१ पट्ट्या, स्पीकर अंगचेच, स्टाइल बनवण्याची सोय तीच, आणि किमतीत पुष्कळ अंतर. उरलेल्या पैशांतून दोन स्टुडिओ मॉनिटर (रेकॉर्डिंगचे स्पीकर), एक ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि चांगला माइक. नातेवाईक ऐकणार आहेत ते वहिनींचा आवाज, त्यामागची स्ट्रिंग्ज कुठल्या मॉडेलची आहे हे एकही मेहुणा विचारणार नाही. मात्र तीन महिन्यांनी डावा हात बसला आणि तुम्हाला ड्रम वेगळा, बेस वेगळा असं एकेक रेकॉर्ड करत रात्री जागवायच्या असतील, तर जेनॉस २ घ्या. मेन आउटपुटच्या जोडीखेरीज त्याला सब आउटपुट आहेत, ठेका वेगळ्या वायरीतून बाहेर काढता येतो. ही चैन आहे, आणि निवृत्तीनंतर चैन करायला माझी हरकत नाही.

चिरंजीवांचं म्हणणं निम्मं बरोबर. आवाज भरायला लॅपटॉप लागेलच. पण साथही माउसने रचायची म्हटली तर तुम्ही वाजवणं सोडून चौकोन सरकवत बसाल. साथ कीबोर्डवर वाजवून पेनड्राइव्हवर वेव्ह फाइल करा, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची होते. ती लॅपटॉपवर घ्या आणि वहिनींना हेडफोनमधून ऐकवत त्यांचा आवाज त्यावर घ्या. पंखा बंद, फ्रिज दुसऱ्या खोलीत असला तरी बंद, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून त्यांना उभं करा. माइकसमोरून येणारा आवाज मागच्या साड्यांमध्ये जिरतो, भिंतीवर आपटून परत येत नाही. वेळ दुपारी दोन ते चार, भाजीवाले आणि कुकर दोन्ही शांत असतात. इन्व्हर्टरवर असताना रेकॉर्डिंग करू नका, साध्या इन्व्हर्टरची गुणगुण माइकमधून थेट येते. अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

एक राहिलं. नाशिक ढोल कीबोर्डमध्ये सहसा मिळत नाही, आणि एका गाण्यात तुम्हाला तो हवा होणारच. गणपतीत गोदाघाटाच्या बाजूला पथकाचा सराव चालतो, तिथे रेकॉर्डर घेऊन जा. जेनॉस २ आणि एसएक्स ९२० दोन्हींत मल्टी पॅडला (बटण दाबलं की छोटा तुकडा वाजवणारी सोय) ऑडिओ फाइल जोडता येते. मी केलंय. फक्त पथकापासून तीसेक पावलं लांब उभे राहा, माझं पहिलं रेकॉर्डिंग नुसतं फाटलेलं निघालं होतं.

प्रश्न : मी सिन्नरच्या ऑर्केस्ट्रात रोलँड एक्सपीएस-३० वाजवतो. घरी एकट्याने गाणी बसवायला तो विकून अरेंजर घेऊ का?

उत्तर : विकू नकोस. एक्सपीएस सिंथेसायझर आहे. तुझ्या बाजूला ऑक्टोपॅड, ढोलक, बेस असतो म्हणून त्याच्यात साथीच्या स्टाइल्स नसल्याचं तुला कधी अडलं नाही. स्टेजवर झटपट आवाज बदलायला आणि स्वतःचे सॅम्पल भरायला तो हाताशी हवाच, पोट त्याच्यावर आहे. घरासाठी एखादा मधला अरेंजर सीझन संपल्यावर घे. मिडीने (कीबोर्ड एकमेकांना जोडायची केबल) दोघं जोडलेस तर अरेंजरची साथ आणि एक्सपीएसची शहनाई, दोन्ही एका हाताखाली येतील.

प्रश्न : परदेशातून भाचा येतोय. तिकडे वापरलेला मोठा अरेंजर स्वस्तात मिळतोय म्हणतो. आणायला सांगू का?

उत्तर : आधी त्याला कीबोर्डच्या मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा, जिथे व्होल्टेज छापलेलं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानात १००. मोठ्या कीबोर्डमध्ये पॉवर सप्लाय आत असतो, अ‍ॅडॉप्टर बदलून भागत नाही. १०० किंवा १२० लिहिलं असेल तर योग्य वॉटचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आधी घरात आणा आणि कीबोर्ड नंतर.

मग त्याला प्रत्येक पट्टी अगदी हळू आणि मग जोरात वाजवायला सांगा, व्हिडिओ कॉलवर, एकही न वगळता. आतले रबरी कॉन्टॅक्ट झिजले की एखादी पट्टी हळू दाबली तरी ओरडते. जॉयस्टिक सोडल्यावर सूर जागेवर परत येतो का तेही बघा, तो जरा वर राहिला तर अख्खं गाणं बेसूर. सामानात द्यायचा असेल तर कडक केस लागेल, १३-१४ किलोचं वाद्य कापडी बॅगेत टाकून विमानाच्या पोटात देऊ नका.

व्होल्टेजचं मी आधी लिहिलं त्याला कारण आहे. माझा पहिला चांगला कीबोर्ड असाच एका नातेवाइकाच्या सामानातून आला होता. रविवार कारंज्याजवळच्या आमच्या वाड्यात, सगळ्यांच्या देखत, मी पिन सॉकेटमध्ये घातली. स्क्रीन एकदा निळी उजळली, फट्‌ असा आवाज झाला आणि पट्ट्यांच्या फटीतून बारीक धूर वर आला. आईने देवाजवळची उदबत्ती विझली का बघायला मान वळवली होती.