जुनी इंडिगो मरिना कापून शेतासाठी पिकअप बनवता येईल का?

येते. पण बनवू नका.

तुम्ही लिहिलंय की २००७ ची डिझेल मरिना (टाटाची लांब टपाची कार) घरी पडून आहे, मागचा टप कापून तिच्यावर हौदा बसवायचाय, संत्रा मार्केटला न्यायचाय, तर खर्च किती येईल आणि कापायला काय वापरायचं. खर्चाचं पुढे सांगतो. आधी माझं ऐका, कारण हा उद्योग मी केलेला आहे, आणि त्यावरून सासरच्या प्रत्येक लग्नात अजून मला बोलणी बसतात.

आमच्याकडे अँबेसिडरची वॅगन होती. लांब टपाची, अ‍ॅम्ब्युलन्स असायची तशी. मार्क फोर, १४८९ सीसीचं डिझेल इंजिन. वडिलांनी एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती. २००६ पर्यंत तिचा मागचा पत्रा सडला, टप गळायला लागला आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. इंजिन मात्र ठणठणीत. आंबिया बहाराचा संत्रा तोडायला आला की वरूडला माल न्यायला भाड्याची गाडी वेळेवर मिळायची नाही, मिळाली तर भाव ऐकून डोकं फिरायचं. म्हणून ठरवलं की हिचाच पिकअप करायचा. पुढच्या सीटच्या मागून टप कापायचा, मागचे दोन्ही दरवाजे काढायचे, केबिनला मागून पत्रा मारायचा आणि उरलेल्या जागेत चेकर प्लेटचा हौदा.

आता मुद्दा असा की अँबेसिडरला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. टप, खांब, दरवाज्याखालचे उंबरे, फरशी, हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा. संत्र्याच्या लाकडी पेटीचं झाकण काढून बाजूची एक पट्टी ओढून बघा, उरलेली पेटी कशी मुरगळते. म्हणून मी म्हणत होतो की आधी खालून दोन लोखंडी चॅनल मारू, मगच वर हात लावू. माझे साडभाऊ, म्हणजे साडू, काटोलकडचे, वयाने मोठे, शब्द मोडवत नाही. ते म्हणाले, "काई होत नाई बुवा, अंबेसिडर हाय थे, रणगाडा हाय." वेल्डरलाही कापायचीच घाई. संध्याकाळी टप उतरला. सकाळी बघतो तर ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडेना. गाडी मधातून बसली होती. जेमतेम बोटभर, पण दरवाज्याला तेवढं पुरे होतं.

मग उंबऱ्याखाली दोन्हीकडून जॅक लावले, दरवाज्याची फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसेपर्यंत हळूहळू उचललं, तसंच ठेवून केबिनच्या पुढच्या टोकापासून मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांच्या) हँगरपर्यंत दोन्ही बाजूंनी चॅनल मारलं आणि मधात तीन आडवे तुकडे टाकले. कापायच्या आधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा अँगल टाचून घेतला असता तर हे सगळं वाचलं असतं. वेल्डरला ते माहीत होतं. नंतर सांगितलं.

एकदा उभी राहिल्यावर गाडी मात्र झकास चालली. मागे एक पाटा वाढवला होता. चार हंगाम संत्रा, तूर, कापूस, नात्यातल्या लग्नातली भांडी, सगळं वाहिलं. मी पंधरा क्रेटच्या वर कधी भरले नाहीत, आणि तेही केबिनला चिकटून.

पाचव्या हंगामात साडभाऊंनी गाडी मागून नेली. अठ्ठावीस क्रेट. एका क्रेटमध्ये बावीस किलो धरा, म्हणजे सहा क्विंटलच्या वर झालं. ही गाडी पाच माणसं आणि डिकीतल्या सामानासाठी बनवलेली, म्हणजे चार क्विंटलच्या आसपास. त्यावर हौद्यात माल मावेना म्हणून मागचा फाळका पाडून त्यावरही दोन थर रचले आणि वर दोन मजूर बसवले. निघताना हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडत होते म्हणे. स्टिअरिंग एकदम हलकं लागत होतं, ते त्यांना आवडलं. बेनोड्याच्या अलीकडे एका खड्ड्यात मुख्य पाटा तुटला आणि संत्रा रस्त्यावर.

तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, "तुमच्या वेल्डरनं पाटा जाळला." वेल्डिंगच्या आचेनं पाट्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं हे खरं आहे, म्हणून पाट्याला कधी वेल्डिंग करू नये. पण आमचं वेल्डिंग हँगरजवळ होतं, आणि पाटा तुटला तो बरोबर मधात, सेंटर बोल्टच्या भोकातून. दोन्ही जागांत दीड-दोन फुटांचं अंतर. तुटका तुकडा मी तीन वर्षं जपून ठेवला, येईल त्याला दाखवला. शेवटी लोहाराने त्याची वखराची पास (माती कापणारं पातं) करून दिली, तीही चांगली चालली. जळलेल्या लोखंडाची पास चालते का?

मला जे कळत नाही ते वेगळंच आहे. साडभाऊंचं सगळं बालपण बैलगाडीवर गेलं. गाडी उलार झाली की काय होतं हे त्यांना मी सांगायचं? मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला जोत फासतं, पोरगंसुद्धा ओरडतं की पुढे सरकवा. मोटारीला बैल नाहीत, पुढची चाकं आहेत, एवढाच फरक. मागच्या आसाच्या पलीकडे ठेवलेला प्रत्येक क्रेट पुढची चाकं उचलतो आणि पाट्यांवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त बसतो. वॅगनचा मागचा पल्ला लांब असतो, म्हणून तिचा पिकअप केला की माल आपोआप तिथेच जाऊन बसतो.

आता तुमची मरिना. ती इंडिकाच्या कुळातली, तिलाही वेगळी चासी नाही, म्हणजे दरवाज्याचं जे माझं झालं ते तुमचंही होणार. पाटे नाहीत, मागे कॉइल स्प्रिंग आहेत, त्यामुळे पाटा वाढवायची सोयही नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती पुढच्या चाकांनी ओढते. मागे माल भरला, पुढची चाकं हलकी झाली, त्यात जुलैतली काळी माती आणि शेतातून रस्त्यावर चढायचा उतार, की चाकं जागच्या जागी फिरतील आणि तुम्ही ट्रॅक्टर शोधायला जाल. माझी अँबेसिडर मागच्या चाकांनी ढकलायची, म्हणून माल भरल्यावर तीच गाडी चिखलात जास्त चांगली चालायची.

टाटाची जुनी इस्टेट असती तर गोष्ट वेगळी होती. १९८८ ला टाटामोबाइल पिकअप आला, त्याच्याच चासीवर १९९२ ला इस्टेट काढली. म्हणजे कंपनीने पिकअपची वॅगन केली, तुम्ही उलटं केलं असतं. टप कापला तरी खालची चासी जागेवर राहते. कोणाच्या वाड्यात पडलेली दिसली तर मला कळवा.

खर्च. मला २००६ ला सगळं मिळून एकोणीस हजार लागले, त्यात दरवाजा जुळवायचे तीन हजार मूर्खपणाचे. आज चॅनल, पत्रा आणि मजुरी धरून तेवढ्यात हौदाही होणार नाही. कापायला ग्राइंडर वापरा. गॅस कटरने आतलं अस्तर पेटतं. डिझेलची टाकी उतरवल्याशिवाय आणि बॅटरी सोडवल्याशिवाय ठिणगी पाडू नका.

आणि हो, हे सगळं बेकायदा आहे. आधीच सांगायला हवं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड होऊ शकतो. आरसी बुकात कार आणि रस्त्यावर पिकअप असेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करणार. मला मोर्शी रस्त्यावर एकदा पकडलं, तेव्हा निभावलं. आता निभावेल या भरवशावर राहू नका. अगदीच हौस असेल तर शेताच्या धुऱ्याच्या आत वापरा. मार्केटला न्यायला जुना छोटा हत्ती बघा. साडभाऊंनी पाटा तुटल्यावर पुढच्याच वर्षी तोच घेतला, वेल्डरवर एवढा राग असताना.

एक राहिलं. पाटे खोलले किंवा नवा टाकला की शे-दोनशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट, म्हणजे पाटे आसाला धरणारे बोल्ट, पुन्हा आवळायचे असतात. ढिले राहिले तर पाटा मधातूनच तुटतो, सेंटर बोल्टच्या भोकातून. साडभाऊंनी गाडी नेली त्याच्या आदल्या महिन्यात मी पाटे खोलून ग्रीस केलं होतं. बोल्ट नंतर आवळायचे राहून गेले होते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि सहा क्विंटलवर दोन माणसं बसवल्यावर बोल्ट घट्ट असते तरी काय झालं असतं ते मला माहीत आहे.

मरिना भंगारात दिलीत तर मागची सीट काढून ठेवा. आमच्या अँबेसिडरची गोठ्यासमोर अजून आहे. साडभाऊ आले की तिच्यावरच बसतात आणि चहा येईपर्यंत वेल्डरचा विषय काढतात.