सोयाबीनच्या गाठी, ईनॉड-४० आणि युरियाची घाई

प्रश्न: सोयाबीन ३५ दिवसांचं झालंय. झाड उपटून पाहिलं तर मुळांवर गाठी तुरळक. ईनॉड-४० जनुकामुळे गाठी धरतात असं वाचलं. ते जनुक असलेलं बियाणं वेगळं मिळतं का? तोवर युरिया टाकू का?

उत्तर: वेगळं बियाणं शोधू नका, हे जनुक तुमच्या सोयाबीनमध्ये आहेच. रायझोबियमचा (गाठीत राहून हवेतलं नत्र झाडाला देणाऱ्या जिवाणूंचा) रासायनिक निरोप मुळाला पोचला की, गाठ डोळ्यांना दिसण्याआधीच, मुळाच्या आतल्या पेशींत ते जागं होतं. त्याचं वेगळेपण त्याच्या आरएनएत, म्हणजे जनुकावरून पेशीत उतरवल्या जाणाऱ्या नकलेत आहे. एरवी अशा नकलेवरून प्रथिन बनतं. पण सुमारे ७०० अक्षरांच्या (रासायनिक घटकांच्या) या आरएनएवरून मोठं प्रथिन बनतच नाही. सोयाबीनमध्ये १२ आणि २४ अमिनो आम्लांचे दोन छोटे तुकडे तेवढे बनतात, आणि ते साखर फोडणाऱ्या सुक्रोज सिंथेज या विकराला जाऊन चिकटतात. गाठीला साखर लागते, म्हणून हे महत्त्वाचं. शिवाय हा आरएनए स्वतःवरच दुमडून वेटोळी करतो. सोयाबीनच्याच कुळातल्या मेडिकॅगो या वनस्पतीत तो एका प्रथिनाला पेशीकेंद्रकातून बाहेर आणतो, म्हणजे आरएनए स्वतःही काम करतो.

पण जनुक असूनही झाड हात आखडता घेतं. गाठ पोसायला साखर खर्च होते, त्यामुळे जमिनीत नायट्रेट आयतं मिळालं की झाड नव्या गाठी धरणं थांबवतं. युरियाचं जमिनीत नायट्रेटच होतं, म्हणून त्याची घाई नको, असं मी कळकळीने सांगतो.

आधी नीट तपासा. झाड उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात. चार-पाच ठिकाणी फावड्याने मातीसकट झाड काढा, मुळं पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि गाठ नखाने कापा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती नत्र बांधतेय. अशा गाठी थोड्या असल्या तरी थांबा, आठवड्याने पुन्हा बघा. पांढरी म्हणजे अजून कामाला लागलेली नाही, हिरवट म्हणजे संपलेली. शेतात पाणी साचलं असेल तर चर काढा, गाठींना हवा लागते.

गाठी मुळीच नाहीत आणि खालची पानं पिवळी पडताहेत, तर मात्र यंदा माती परीक्षणानुसार नत्र द्यावंच लागेल. पुढच्या पेरणीला सोयाबीनचंच रायझोबियम घ्या, हरभऱ्याचं यावर चालत नाही. बुरशीनाशक आधी, रायझोबियम सगळ्यात शेवटी. बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.