गाई-बैल काहीही खातात, तरी त्यांचे पोट का बिघडत नाही?

बिघडते, आणि त्यात जनावरे मरतात. उकिरड्यावर तोंड घालणारी गाय दुसऱ्या दिवशीही धडधाकट दिसते, म्हणून तिच्या पोटात असे कोणते संरक्षण असते, असे आपण विचारले आहे. परंतु या प्रश्नामागे ‘जनावराला सगळे सोसते’ असा जो समज आहे, त्यापायी आमच्या घरचा एक उमदा बैल गेला, म्हणून मी सविस्तर लिहीत आहे.

संरक्षण आहे, यात शंका नाही. चार कप्प्यांची माहिती आपण शाळेत वाचलेली असेल, ती पुन्हा देत नाही. त्यांतील सर्वांत मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात, असंख्य सूक्ष्मजीव वैरण आंबवतात आणि त्यातून सतत आम्ले तयार होतात. ही आम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात व मुख्यतः त्यांच्यावरच जनावराचे पोषण होते. जी मागे राहतात त्यांचा जोर लाळ मोडते. मोठी गाय दिवसाकाठी १०० लिटरहून अधिक लाळ गिळते आणि त्या लाळेत, आपण स्वयंपाकात वापरतो त्या सोड्यातलाच बायकार्बोनेट असतो. मात्र ही लाळ भरपूर सुटते ती रवंथ करताना, आणि रवंथ नीट होतो तो लांब, खरबरीत वैरणीमुळे. जे जनावर कडबा खाते ते स्वतःचे औषध स्वतःच तयार करत असते. मऊ शिजवलेले अन्न खाणाऱ्या जनावराला ते मिळत नाही.

मी परभणीला पशुवैद्यकाचे शिक्षण घेत असताना पोळ्यासाठी बीड जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो होतो. माझ्या थोरल्या चुलत्यांचा बैलांवर अतोनात जीव, आणि त्यांची जोडी गावात देखणी म्हणून प्रसिद्ध. मिरवणुकीनंतर बैल घरोघरी ओवाळले गेले आणि प्रत्येक दारात त्यांना पुरणपोळी मिळाली. घरी परतल्यावर चुलत्यांनी उरलेल्या पोळ्या, कणकेचे उंडे आणि वर गूळही भरवला. ‘काका, आता पुरे, नुसता कडबा टाका,’ असे मी दोनदा सांगितले. ‘वर्षभर राबतो तो, आज त्याचा सण आहे,’ असे म्हणून त्यांनी मला गप्प केले.

त्या रात्री एका बैलाचा रवंथ थांबला. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागावर, मूठ दाबून धरली की निरोगी जनावराचे कोठीपोट साधारण मिनिटाला एकदा हाताखाली हलताना जाणवते; येथे काहीच हलत नव्हते. सकाळी आंबूस वासाचे पातळ शेण पडू लागले, डोळे खोल गेले आणि बैल बसला. घरात मिरच्या उतरवून टाकणे चालले होते. डॉक्टरांना बोलवा, हे माझे म्हणणे दुपारी मान्य झाले, आणि ते आले तेव्हा सलाईन लावूनही उपयोग होण्यासारखी अवस्था राहिली नव्हती.

पीठ आणि गूळ फार वेगाने आंबतात. अशा वेळी स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिससारखे जिवाणू झपाट्याने वाढून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि एरवी ६ ते ७ च्या दरम्यान राहणारा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल अधिक) ५ च्याही खाली उतरतो. वैरण पचवणारे सूक्ष्मजीव त्यात मरतात, कोठीपोटाची हालचाल थांबते, रवंथ नाही म्हणून लाळही नाही. साठलेले आम्ल शरीरातील पाणी कोठीपोटात ओढून घेते. पोटात पाणी खळखळत असते आणि जनावर मात्र कोरडे पडते. यातून वाचलेल्या जनावरालाही पोटाच्या भाजलेल्या अस्तरातून जिवाणू यकृतात जाऊन गळू होऊ शकते, खुरांना सूज येऊन ते लंगडू शकते.

चुलते आजही म्हणतात की बैलाला दृष्ट लागली. मी आजही म्हणतो की बैल पोळ्यांनी आजारी पडला आणि दृष्ट काढण्यात गेलेल्या वेळेने मेला. अन्न ताजे होते, साजूक तुपातले होते, प्रेमाने दिले होते; त्याचा कोठीपोटाशी काहीही संबंध नाही. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात पुण्य म्हणून गाईपुढे ओतणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे.

आता आपली उकिरड्यावरची गाय. ती कसलीही निवड न करता गिळते. तार किंवा खिळा जड असल्याने जाळीदार पोटात, म्हणजे कोठीपोटाच्या पुढच्या लहान कप्प्यात, साचतो, आणि तेथून पुढे छाती व पोट यांमधील पडद्यापलीकडे लगेच हृदय असते. तार तिथवर पोहोचली तर गाय सहसा वाचत नाही. प्लॅस्टिक पचत नाही आणि त्याचा गोळा पुढेही सरकत नाही. तो वाढत राहतो आणि शेवटी पोट उघडूनच काढावा लागतो. ही इजा दिसायला कित्येकदा महिने लागतात, म्हणून ती गाय आपल्याला निरोगी वाटते.

नैवेद्याची एखादी पोळी देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. धान्याची सवय असलेले जनावर बिनसवयीच्या जनावरापेक्षा अधिक पचवते, पण ती सवय दोन-तीन आठवड्यांत हळूहळू लावावी लागते. जनावराने धान्याच्या पोत्यात तोंड घातल्याचे दिसले, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्यकाला बोलवावे, तोवर पुढ्यात फक्त कोरडा कडबा ठेवावा, आणि बसलेल्या जनावराच्या घशात तेल किंवा सोड्याचे पाणी ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते. शेळ्या-मेंढ्यांनाही धान्याबाबतचे हे सांगणे तसेच लागू आहे.