‘आमच्या आवडीच जुळत नाहीत’

“मॅडम, आमच्या आवडीच जुळत नाहीत. मग पुढे कसं निभणार?” समुपदेशनासाठी येणाऱ्या, लग्नाला दोन-चार वर्षं झालेल्या जोडप्यांकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो, आणि तो बहुतेक वेळा एखाद्या सहलीनंतर येतो. घरी दोघं आपापल्या कामात असतात, संध्याकाळी जेमतेम दोन तास एकमेकांच्या वाट्याला येतात, त्यात फारसं काही उघडं पडत नाही. पण एका गाडीत सलग बारा तास बसलं की सगळं वर येतं. अशाच एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो चाकणला एका कारखान्यात नोकरीला, ती शाळेत इतिहास शिकवते. लग्न ठरवून झालेलं. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने एका दिवसाची सहल आखली: पहाटे पुण्यातून निघायचं, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट करत कोलाडला उतरायचं, कुंडलिका नदीत राफ्टिंग, मग झिपलाइन, आणि रात्री परत. श्रावणातला रविवार. ज्यांनी त्या दिवसांत ताम्हिणी पाहिलाय त्यांना सांगायला नको. रस्त्याच्या कडेने धबधबे, ढग गाडीच्या काचेला टेकलेले. अशा दिवशी भांडण होणं फार वाईट वाटतं. आपण काहीतरी सुंदर वाया घालवलं ही टोचणी वेगळीच असते.

पौडला तिला चहा हवा होता. “येताना थांबू,” तो म्हणाला. मुळशीचा तलाव दिसू लागला तशी ती सेनापती बापटांबद्दल सांगू लागली: 1921 साली या धरणाविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, ती गावं या पाण्याखाली आहेत. तो घड्याळ बघत “हं” म्हणाला. घाटात कणसं भाजणाऱ्या बाईपाशी तिने थांबायला सांगितलं, त्याने “उशीर होतोय गं” म्हणून गाडी पुढे काढली.

कोलाडला पोचल्यावर लाइफ जॅकेट चढवलं, हेल्मेटचा पट्टा आवळला, आणि नदीचा आवाज ऐकून तिचे पाय जागीच थांबले. तिला पोहता येत नाही. “नको, मी नाही येत,” ती म्हणाली. तो म्हणाला, “अगं, काही होत नाही, सगळे करतात.” राफ्टमधल्या दुसऱ्या ग्रुपमधलं कुणीतरी हसलं. ती जॅकेट काढून जीपमध्ये जाऊन बसली. तो एकटाच गेला. खाली नदी संपवून आला तेव्हा ओला, खूश, हातात मोबाइल, “बघ, बघ, काय लाट होती!” तिने पाहिलं नाही. झिपलाइन रद्द. परतीचा घाट धुक्यात आणि अबोल्यात. घरी पोचता पोचता तो बोलून गेला, “तुझ्याबरोबर कुठेच जाण्यात अर्थ नाही.” तिने उत्तर दिलं, “मग जाऊ नकोस.”

माझ्यासमोर बसले तेव्हा दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: आवडी जुळत नाहीत. मला ते पटलं नव्हतं. दोघांना कागद दिला आणि तो दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत आपापला लिहायला सांगितला. कुठे थांबलात, कुठे थांबायचं होतं, आणि त्या वेळी मनात काय होतं. एकमेकांचा कागद बघायचा नाही.

त्याच्या कागदावर वेळा होत्या. तिच्या कागदावर फक्त जागा होत्या: पौडचा चहा, मुळशी, कणसं, रोहा. यातली एकही जागा त्याच्या कागदावर नव्हती. तो ‘रोहा’ या शब्दापाशी अडला. “रोह्याचं काय? आपण तर रोह्याला जाणारच नव्हतो.” तिने सांगितलं की तिचं आजोळ रोह्याचं. लहानपणी मे महिन्यात आजीचा हात धरून धावीर महाराजांच्या देवळात जायची. आता तिथे घर राहिलेलं नाही. कोलाडहून रोहा अगदी जवळ, म्हणून तिने गाडीत विचारलं होतं, “रोहा इथून किती लांब आहे रे?” त्याने किलोमीटर सांगितले आणि विषय संपला.

आपल्याकडे हे फार होतं. ‘मला अमुक हवंय’ असं सरळ म्हणायला, विशेषतः मुलींना, कुणी शिकवलेलं नसतं. मग इच्छा प्रश्नाच्या रूपाने बाहेर येते, आणि समोरचा बिचारा प्रश्नाचं उत्तर देतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी पुन्हा त्यांची चौकशी केली. एकमेकांचं लक्ष वेधण्याचे असे छोटे छोटे प्रयत्न, ‘ते बघ’, ‘इथे थांबू या का’, यांना टिकलेल्या जोडप्यांत 86 टक्के वेळा प्रतिसाद मिळाला होता. मोडलेल्यांत 33 टक्के. त्या रविवारी या दोघांच्या गाडीत किती वेळा मिळाला, हे त्यांनी स्वतःच कागदावर पाहिलं.

पण त्याचीही बाजू ऐकण्यासारखी होती. मी विचारलं, “एवढी घाई कसली होती?” तो म्हणाला, “पाणी सुटायची वेळ ठरलेली असते, मॅडम.” कुंडलिकेतलं राफ्टिंग सकाळी होतं ते यासाठीच. मुळशीच्या धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, तिथे वीज तयार झाली की नदीत सोडतात, आणि तेवढ्या पाण्यावर राफ्ट चालतात. उशीर झाला असता तर पैसेही गेले असते आणि नदीही. हे त्याने तिला सांगितलंच नव्हतं. तिला वाटत राहिलं की याला माझ्या कशातच रस नाही.

ती एकदम म्हणाली, “म्हणजे ते मुळशीचंच पाणी?”

ज्या धरणाची गोष्ट ती सांगू पाहत होती, त्याच धरणाच्या पाण्यावर तो राफ्टिंग करणार होता. त्या सेशनमध्ये पहिल्यांदाच दोघं माझ्याशी बोलायचं सोडून एकमेकांशी बोलू लागले. त्याने भिऱ्याबद्दल विचारलं, तिने सत्याग्रहाबद्दल सांगितलं. मी गप्प बसले. आवडी जुळत नाहीत म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना समोरच्याची आवड नीट माहीतच नसते, हे मी अनेकदा पाहिलंय.

त्याच्या मनातली आणखी एक गोष्ट हळूहळू बाहेर आली. त्याच्या लहानपणी घरातून कुणी कधी फिरायला गेलं नाही. वडिलांना सुट्टी नसायची, पैसे नसायचे. आपण आपल्या बायकोला सगळं दाखवायचं, असं त्याने लग्नाआधीच ठरवलं होतं. यादीतलं एक ठिकाण हुकलं तरी त्याला हरल्यासारखं व्हायचं. नदीकाठी ती ‘नको’ म्हणाली तेव्हा त्याच्या कानावर ‘तू केलेलं मला आवडलं नाही’ एवढंच पडलं. त्या क्षणी तिच्या पोटात गोळा आलाय, हे त्याला दिसलंच नाही.

‘नको’चं उत्तर ‘काही होत नाही’ हे नसतं. भीती वाटणाऱ्याला ती वाटतेच. तुम्ही ‘काही होत नाही’ म्हटलंत की तो भीतीसोबत एकटाही पडतो. त्यापेक्षा विचारावं, “नेमकं कशाचं भय वाटतंय?” मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “पडले तर काय करायचं?” याचं उत्तर त्याला माहीत होतं; त्याने आधी व्हिडिओ पाहिले होते. पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवायचे, उभं राहायला जायचं नाही, कारण खडकात पाय अडकू शकतो. गाइड निघण्याआधी हेच सांगतात. ती त्याआधीच जीपमध्ये जाऊन बसली होती. आणि हे सगळं कळल्यावरही ती ‘नको’च म्हणाली असती, तर ते ‘नको’ तिथेच मानायला हवं होतं. ज्याला भीती वाटते, शेवटचा शब्द त्याचा.

तरी त्याच्या म्हणण्यातही तथ्य होतं: एकत्र काही नवं, थरारक केलं की जवळीक वाढते. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2000 सालचा प्रयोग आहे. जोडप्यांचा एका बाजूचा हात आणि पाय एकमेकांना पट्ट्यांनी बांधले आणि गादीवरून रांगत, मधली उशी पडू न देता पलीकडे जायला सांगितलं. अवघ्या काही मिनिटांच्या या खटाटोपानंतर त्यांना आपलं नातं आधीपेक्षा बरं वाटू लागलं. संथ, कंटाळवाणं काम दिलेल्या जोडप्यांत तसं झालं नाही. मला यात महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं एकमेकांना बांधलेलं असणं. एक लाटांवर आणि दुसरी जीपमध्ये, यात नवेपणा होता, थरारही होता, पण तो एकट्याचा होता.

दिवाळीनंतर ते पुन्हा त्याच वाटेने गेले. मी एवढंच सुचवलं होतं की दोघांनी आपापली एकच जागा ठरवायची, ती का हवी हे आदल्या रात्री मोकळेपणी सांगायचं, आणि उरलेला दिवस रिकामा ठेवायचा. तिने रोहा निवडलं. त्याने संथ पाण्यात कयाक चालवायचं ठरवलं, दोघांची मिळून एक होडी. अशा होडीत पुढचा वल्ह्याची लय ठरवतो आणि मागचा दिशा सांभाळतो. ती पुढे बसली. सुरुवातीला वल्ही एकमेकांवर खटाखट आपटत होती, होडी गोल फिरत होती, तो मागून “डावीकडे, डावीकडे” ओरडत होता. मग तिने मोठ्याने “एक, दोन” म्हणायला सुरुवात केली आणि त्याला तिच्या मोजण्यावर वल्हं मारावं लागलं. हे सांगताना दोघंही एकमेकांचं वाक्य तोडत होते.

राफ्टिंग तिने अजून केलेलं नाही. त्याला आता कामशेतला पॅराग्लायडिंग करायचंय, आणि ती खाली उभी राहून बघेन म्हणाली आहे. हे मला चांगलं वाटतं. सगळं बरोबरच करायला हवं असं नाही. वेगळं काय करायचं हे बरोबर बसून ठरवलं तरी पुष्कळ झालं.

“नवऱ्यासाठी मन घट्ट करून एकदा करून टाकू का?” असं काही जणी विचारतात. काही पुरुषही विचारतात, फक्त दबक्या आवाजात. भीती थोडी असेल, माहिती मिळाल्यावर कमी होत असेल आणि मनात उत्सुकता असेल तर जरूर करा. अंग थरथरत असेल, रडू येत असेल, तर करू नका, आणि काठावरच्या गाइडला तसं स्पष्ट सांगा. घाबरून गोठलेला माणूस राफ्टमधल्या बाकीच्यांनाही धोक्यात घालतो.

आणखी एक गोष्ट वेगळी काढून सांगते. तुमच्या भीतीची चारचौघांत टिंगल होत असेल, ‘नको’ म्हटल्यावर हाताला धरून ओढलं जात असेल, किंवा रागाच्या भरात घाटात गाडी मुद्दाम वेगाने हाकली जात असेल, तर तो आवडीनिवडीचा प्रश्न नाही. त्यासाठी जोडीने यायची वाट पाहू नका. समुपदेशकाकडे एकट्याने या, आणि शक्य तितक्या लवकर या.