शिक्षकांचे प्रश्न : चुकीचे पर्याय आणायचे कुठून?

घटक चाचणीतल्या वस्तुनिष्ठ प्रश्नांबद्दल वाचक शिक्षकांनी विचारलेल्या शंकांना या वेळी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : पाचवीला गणित शिकवते. बहुपर्यायी प्रश्न काढताना बरोबर उत्तर तयार असते, एखादा चुकीचा पर्यायही सुचतो. पुढचे दोन मात्र ओढूनताणून घालावे लागतात आणि मुले ते न वाचताच सोडून देतात. चांगले पर्याय कसे शोधावेत?

ते मुलांच्या वह्यांत आधीच लिहिलेले असतात. ५०३ − २७८ हे उदाहरण घ्या. उत्तर २२५. बरेच जण यासोबत २२४, २२६ आणि २३० असे पर्याय देतात. एखाद्या मुलाने २२६ निवडले, तर त्यावरून तुम्हाला काय कळेल? काहीच नाही. त्याऐवजी ३७५, ३३५ आणि २३५ देऊन पाहा. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारे मूल ३७५ वर जाते, कारण त्याने ८ मधून ३ आणि ७ मधून ० काढलेला असतो. उसना घेतला, पण ज्याच्याकडून घेतला त्याचे काहीच कमी केले नाही, की ३३५ येतात. शतक सुटे करून दहा दशक केले, त्यातला एक दशक एककाला दिला, पण दशकाच्या घरात दहाच धरले, की २३५ येतात. उत्तरपत्रिका तपासून होते तेव्हा कोणाला काय पुन्हा शिकवायचे याची यादीही तयार झालेली असते.

अपूर्णांकांचेही असेच. १/२ + १/३ साठी २/५ हा पर्याय हवाच, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुले जवळजवळ प्रत्येक वर्गात असतात. दशांशांत ०.५, ०.३५, ०.१२५ आणि ०.४ यांतली सर्वांत मोठी संख्या विचारा. अंक जास्त म्हणजे संख्या मोठी असे मानणारे मूल ०.१२५ वर बोट ठेवते.

पद्धत सोपी आहे. चाचणीच्या आठ-दहा दिवस आधी तोच प्रश्न, आकडे बदलून, पर्याय न देता वर्गपाठात सोडवायला द्या. चुकीची उत्तरे एका कागदावर उतरवा, सारखी उत्तरे एकत्र करा आणि ज्या तीन चुका सर्वांत जास्त वेळा आल्या त्यांचे पर्याय बनवा. दोनच चुका सापडल्या तर तीन पर्यायांवर थांबा. कोणीच न निवडणारा चौथा पर्याय प्रश्न अवघड करत नाही, वाचण्याचा वेळ मात्र वाढवतो.

प्रश्न : सातवीची काही मुले धडा न वाचताही विज्ञानाच्या बहुपर्यायी प्रश्नांत चांगले गुण मिळवतात. प्रश्न सोपे असतात असेही नाही.

मुले विज्ञान नव्हे, तुमचे मराठी वाचून उत्तर काढत असावीत. उदाहरणार्थ : ‘हृदयापासून शरीराच्या भागांकडे रक्त वाहून नेणारी ____ होय.’ पर्याय : फुप्फुस, रोहिणी, यकृत, मूत्रपिंड. ‘नेणारी’ हा शब्द वाचताच तिन्ही नपुंसकलिंगी पर्याय बाद होतात. इंग्रजी किंवा हिंदी प्रश्नसंचातून भाषांतर केलेल्या प्रश्नांत हा दोष हटकून राहतो. आपल्या भाषेत क्रियापद, विशेषण, ‘चा-ची-चे’ सगळेच लिंग आणि वचन उघड करतात. यावर दोन उपाय आहेत. एक तर पर्याय एकाच लिंगाचे घ्या : रोहिणी, नीला, केशवाहिनी, श्वासनलिका. हे चारही एकाच जातीचे, म्हणजे नळ्यांचे पर्याय असल्याने विज्ञानाच्या दृष्टीनेही प्रश्न सुधारतो. नाहीतर वाक्यरचना बदला : ‘हृदयापासून शरीराच्या भागांकडे रक्त कशातून वाहते?’

दुसरी खूण लांबीची. बरोबर उत्तर कोणी खोडून काढू नये म्हणून आपण त्याला ‘सामान्यतः’, ‘योग्य तापमानात’ अशा अटी जोडतो आणि ते सर्वांत लांब होते. मुलांना हे दोन चाचण्यांत समजते. एक तर चारही पर्याय सारख्या लांबीचे करा, नाहीतर अट मूळ प्रश्नात घाला. प्रश्नातला ठळक शब्द फक्त बरोबर पर्यायातच पुन्हा आला तरी तेच होते.

‘वरीलपैकी सर्व’ टाळा. दोन पर्याय बरोबर आहेत एवढे कळले की तिसरा वाचायची गरजच उरत नाही. ‘कोणते विधान चुकीचे नाही?’ असे कधीच विचारू नका. नकार घ्यायचाच असेल तर एकच घ्या आणि तो शब्द अधोरेखित करा. बरोबर उत्तराची जागाही तपासा, कारण हात नकळत (ब) आणि (क) कडे वळतो. संख्यांचे पर्याय चढत्या क्रमाने आणि शब्दांचे वर्णानुक्रमे लावले की जागा आपोआप बदलत राहते.

छपाईपूर्वी वेगळा विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्याला पेपर सोडवायला द्या आणि प्रत्येक उत्तर कशावरून ओळखले ते विचारा. तुमच्या नजरेतून सुटलेल्या खुणा त्यांना दिसतील.

प्रश्न : रिकाम्या जागांची उत्तरे तपासताना वाद होतात. मुलाचे उत्तर चूक म्हणता येत नाही आणि उत्तरसूचीतही नसते.

‘शिवाजी महाराजांचा जन्म ____ झाला.’ इथे ‘शिवनेरीवर’, ‘१६३० मध्ये’ आणि ‘१९ फेब्रुवारीला’ ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि तिन्ही लिहिणाऱ्यांना गुण द्यावेच लागतील. किल्ला हवा असेल तर ‘शिवाजी महाराजांचा जन्म ____ या किल्ल्यावर झाला’ असे लिहा. कोणत्या प्रकारचे उत्तर हवे ते सांगणारा शब्द रिकाम्या जागेला चिकटून असावा.

इंग्रजी पुस्तके रिकामी जागा वाक्याच्या शेवटी ठेवायला सांगतात. मराठीत शेवटी क्रियापद येते, म्हणून जागा क्रियापदाच्या जवळ ठेवली तरी पुरते. सुरुवातीलाच रिकामी जागा आली की मूल पूर्ण वाक्य वाचून पुन्हा मागे येते. एका वाक्यात एकच जागा ठेवा आणि सगळ्या रेघा सारख्या लांबीच्या ओढा. पाठ्यपुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उचलून मधला शब्द गाळला, तर ओळ डोळ्यांसमोर आठवते की नाही एवढेच तपासले जाते.

प्रश्न : चूक की बरोबर या प्रकारात अंदाजाने गुण मिळतात. तो बंद करावा का?

बंद करायची गरज नाही, पण एकटा वापरू नये. दहा विधानांवर नुसता नाणेफेकीसारखा अंदाज केला, तरी सहा किंवा त्याहून जास्त उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के असते. म्हणून विधान चूक असेल तर ते दुरुस्त करायला सांगा. ओळखायला अर्धा गुण, दुरुस्तीला अर्धा.

यातही एक पळवाट राहते. ‘वटवाघूळ हा पक्षी आहे’ हे विधान मुले ‘वटवाघूळ हा पक्षी नाही’ असे लिहून दुरुस्त करतात, आणि ते खोटेही नसते. म्हणून ‘पक्षी’ हा शब्द अधोरेखित करून ‘विधान चूक असल्यास अधोरेखित शब्द बदला’ अशी सूचना द्या. मग ‘सस्तन प्राणी’ लिहावेच लागते. बरोबर विधानांतही एक शब्द अधोरेखित करायला विसरू नका, नाहीतर रेघच उत्तर सांगेल.

विधानात एकच कल्पना असावी. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘कधीच’ हे शब्द आले की मुले डोळे झाकून ‘चूक’ लिहितात. आणि विधान निर्विवाद असावे. ‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते’ हे समुद्रसपाटीला ठीक आहे, महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळते. हे वाचलेले हुशार मूल ‘चूक’ लिहील आणि आपण त्याचा गुण कापू.

प्रश्न : जोड्या लावताना शेवटची जोडी फुकट मिळते. उपाय?

‘ब’ गटात दोन नावे जास्त द्या. पण त्याआधी दोन्ही गट एकजिनसी आहेत का ते बघा. ‘अ’ गटात एक धरण, एक समाजसुधारक, एक पीक आणि एक वर्ष असेल, तर जुळवायला भूगोल-इतिहास लागतच नाही. ‘अ’ गटात फक्त धरणे घ्या : जायकवाडी, उजनी, भंडारदरा, राधानगरी, खडकवासला. ‘ब’ गटात फक्त नद्या : गोदावरी, भीमा, प्रवरा, भोगावती, मुठा, शिवाय तापी आणि नीरा, अर्थात क्रम बदलून. कोयना धरण इथे घेऊ नका, नावातच उत्तर आहे. नदी आणि उगमाच्या जोड्यांत भीमा-भीमाशंकरचे तेच. पाच-सहा जोड्या पुरेत आणि दोन्ही गट एकाच पानावर छापा.

प्रश्न : चुकीच्या उत्तराला गुण कापावेत का?

शाळेच्या चाचणीत नाही. चार पर्यायांच्या प्रश्नात चुकीमागे एक तृतीयांश गुण कापला की अंदाजाचा फायदा गणिताने शून्य होतो, हे खरे. पण बुजरे मूल उत्तर कोरे सोडते आणि कोऱ्या जागेवरून त्याचा गोंधळ कुठे आहे ते कळत नाही.

प्रश्न : वस्तुनिष्ठ प्रश्नांनी पाठांतरच तपासले जाते, हा आक्षेप खरा आहे का?

जसा प्रश्न काढू तसे. मुलाने वर्गात न पाहिलेला प्रसंग द्या. बाष्पीभवनावर हे पाहा : ‘सारखे चार ओले रुमाल एकाच खोलीत ठेवले. पहिला घडी करून, दुसरा पसरून; तिसरा पसरून पंख्याखाली, चौथा घडी करून पंख्याखाली. पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाचा परिणाम तपासायला कोणत्या दोन रुमालांची तुलना कराल?’ पर्याय : पहिला व दुसरा, पहिला व तिसरा, दुसरा व तिसरा, दुसरा व चौथा.

बरोबर जोडी पहिला व दुसरा, कारण त्यांत फक्त घडीचा फरक आहे. पहिला व तिसरा निवडणारे मूल सर्वांत हळू आणि सर्वांत लवकर वाळणारा रुमाल शोधते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे त्याला अजून उमगलेले नाही. दुसरा व तिसरा निवडणाऱ्याला ते उमगले आहे, पण त्याने क्षेत्रफळाऐवजी वाऱ्याचा परिणाम तपासला. तिसरा व चौथा ही जोडीही बरोबरच आहे, म्हणून ती पर्यायांत येऊ द्यायची नाही. असा एक प्रश्न काढायला अर्धा तास सहज जातो. वीस प्रश्नांत असे तीन-चार साधले तरी चाचणीचा दर्जा बदलतो. सोडवायलाही त्यांना दोन-दोन मिनिटे धरा. साध्या बहुपर्यायी प्रश्नाला एक मिनिट पुरते.

प्रश्न : चाचणीनंतर प्रश्न चांगला होता की नाही, हे कसे ठरवायचे?

उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावा. वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के बाजूला काढा. ४४ मुलांच्या वर्गात प्रत्येकी १२. मग प्रत्येक प्रश्नाला दोन्ही गटांत कोणता पर्याय किती जणांनी निवडला ते मोजा. समजा वरच्या गटात १० आणि खालच्या गटात ५ जणांचे उत्तर बरोबर आहे. २४ पैकी १५ म्हणजे ०.६३ ही झाली काठिण्य पातळी. नावाने फसू नका, आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. दोन गटांतला फरक ५, भागिले १२, म्हणजे ०.४२ हे भेदनमूल्य. ते ०.२ च्या खाली गेले तर प्रश्न पुन्हा वाचा. उणे आले, म्हणजे खालच्या गटानेच जास्त बरोबर सोडवला, तर सर्वांत आधी उत्तरसूची तपासा. बहुधा चूक तिथेच सापडते.

खरा ऐवज चुकीच्या पर्यायांच्या आकड्यांत आहे. एखादा पर्याय दोन्ही गटांत कोणीच निवडला नसेल तर तो काढून टाका. वरच्या गटातली बरीच मुले एकाच चुकीच्या पर्यायावर गेली असतील तर प्रश्न दोन अर्थांचा आहे किंवा तो भाग शिकवताना गोंधळ झाला आहे. पट पंचवीसच्या आत असेल तर वर्गाचे सरळ दोन भाग करा, मात्र त्या आकड्यांवर फार भार टाकू नका.

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी आहे. छपाईला पैसे नाहीत. फळ्यावर अशी चाचणी जमेल का?

जमेल. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची अ, ब, क, ड अशी चार कार्डे प्रत्येक मुलाला करून द्या. प्रश्न आणि पर्याय फळ्यावर लिहा, मोठ्याने एकदा वाचा, एक मिनिट शांतता ठेवा आणि ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावर सगळ्यांना एकदम कार्ड वर धरायला सांगा. एकदम हे महत्त्वाचे, नाहीतर मुले शेजारच्याचे कार्ड पाहून आपले बदलतात. बरोबर उत्तर लगेच सांगू नका. आधी अ किती, ब किती ते मोजून वहीत प्रश्नासमोर लिहा, मग वेगवेगळी कार्डे धरलेल्या दोघांना आपले उत्तर कसे काढले ते फळ्यावर करून दाखवायला सांगा. एका बैठकीत पाच प्रश्न पुरेत. त्या वहीतले आकडे पुढच्या वर्षी पर्याय निवडताना उपयोगी पडतील.