लिनक्सवर नीट चालणारा मेकॅनिकल कीबोर्ड कसा निवडावा?

उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहिण्यासाठी कोणता मेकॅनिकल (प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असलेला) कीबोर्ड घ्यावा, आणि ‘लिनक्सवर हा चालणार नाही’ असे इंदूरचे दुकानदार सांगतात ते खरे का, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते वाक्य मीही याच शहरात ऐकत आले आहे. ते खरे नाही. यूएसबी कीबोर्ड एचआयडी या सर्वमान्य प्रमाणानुसार संगणकाशी बोलतो आणि लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, ते प्रमाण उत्तम समजते. चालत नाही ते कीबोर्डबरोबर मिळणारे विंडोजचे सॉफ्टवेअर, आणि त्याची गरज दिव्यांचे रंग किंवा कळांची कामे बदलण्यापुरतीच असते.

मी अनुवादाचे आणि अक्षरजुळणीचे काम करते. दिवसभर इन्स्क्रिप्ट या कळमांडणीत मराठी आणि हिंदी लिहिते. माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, सीपीसीटी या मध्य प्रदेशातील संगणक-टायपिंगच्या परीक्षेसाठी वर्ग चालवतात, आणि फुकटची वस्तू शेवटी महागच पडते हे त्यांचे लिनक्सविषयीचे ठाम मत आहे. मी मेकॅनिकल कीबोर्ड आणला तेव्हा ते घरीच होते. अक्षरे व्यवस्थित उमटली, पण फाइलचे नाव बदलण्यासाठी एफ२ दाबले तर पडद्याचा उजेड वाढला. “बघ, हेच ते तुझे लिनक्स,” असे दादा म्हणाले. दुकानदाराला फोन केला, तर “मॅडम, विंडोज डलवा लो” एवढाच सल्ला मिळाला.

मला ते पटले नाही. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी काढून पाहिली, तेव्हा त्या कीबोर्डचा निर्माता क्रमांक ०५एसी, म्हणजे अ‍ॅपलचा, असल्याचे दिसले. दुसऱ्याच कंपनीने बनवलेला कीबोर्ड स्वतःची ओळख अ‍ॅपलचा म्हणून करून देत होता, त्यामुळे कर्नलने त्याला एचआयडी-अ‍ॅपल हा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा भाग) लावला होता, आणि त्या ड्रायव्हरमध्ये वरच्या रांगेतील कळा आधी उजेड-आवाजाची कामे करतात. त्याच्या एफएनमोड या पर्यायाचे मूल्य २ केले, ते कायम राहावे म्हणून ड्रायव्हरच्या सेटिंगसाठी असलेल्या मॉडप्रोबच्या फोल्डरात एक ओळ लिहिली, संगणक सुरू होताना वापरली जाणारी इनिट्रामएफएस ही फाइल नव्याने तयार केली आणि एफ२ पुन्हा एफ२ झाले. दोष लिनक्सचा नव्हता, खोटी ओळख सांगणाऱ्या कीबोर्डचा होता. दादांनी हे आजतागायत मान्य केलेले नाही. अलीकडच्या कर्नलमध्ये असे कीबोर्ड ओळखण्याची सोय आली आहे, त्यामुळे तुम्हाला कदाचित हे काही करावे लागणार नाही.

आता निवडीविषयी. क्यूएमके हे मुक्त स्रोत फर्मवेअर (कीबोर्डच्या आतले सॉफ्टवेअर) असलेला आणि व्हाया किंवा व्हायल या कळा बदलण्याच्या साधनांपैकी एकावर चालणारा कीबोर्ड घ्या, कारण त्यात कळांची मांडणी कीबोर्डच्याच स्मृतीत साठते आणि कोणत्याही संगणकाला जोडला तरी तशीच राहते. व्हाया क्रोमियम ब्राउझरमध्ये उघडते, फायरफॉक्समध्ये नाही. लिनक्सवर त्यासाठी यूडेव्ह या उपकरणे हाताळणाऱ्या व्यवस्थेचा एक नियम लिहून परवानगी द्यावी लागते.

मराठीसाठी आकाराचा विचार सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कोणी सांगत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये च, ट आणि ड ही अक्षरे अर्धविराम, अवतरणचिन्ह आणि चौकटी कंसाच्या कळांवर बसतात, तर ज्ञ, त्र, क्ष, श्र ही शिफ्टसह आकड्यांच्या रांगेत येतात. त्यामुळे चाळीसेक कळांचे देखणे छोटे कीबोर्ड इंग्रजी लिहिणाऱ्याला चालतील, पण ज्याला ‘चटकन’ लिहिण्यासाठीही दुसऱ्या थरात (वेगळी कळ धरून मिळणाऱ्या अक्षरांत) शिरावे लागेल त्याने ते घेऊ नयेत. कळांवर देवनागरी छापलेली असण्याची मात्र काहीच गरज नाही. कीबोर्ड फक्त कळेचा क्रमांक पाठवतो. त्याचे अक्षर कोणते करायचे हे प्रणाली ठरवते, आणि मराठी इन्स्क्रिप्ट लिनक्सच्या मांडण्यांच्या यादीत आधीपासून आहे.

लिनक्सवर सराव केलेली मुले परीक्षेत मागे पडतील, असे दादा म्हणतात. इन्स्क्रिप्ट हे भारत सरकारने ठरवलेले प्रमाण आहे, सीपीसीटीत ते रेमिंग्टन गेल या टंकलेखन यंत्राच्या धर्तीच्या मांडणीच्या बरोबरीने निवडता येते, आणि ल च्या कळेवर शिफ्टसह ळ मिळतो तो विंडोजवरही आणि लिनक्सवरही. परवाने नसलेल्या विंडोजवर मुलांना शिकवण्यापेक्षा वर्गातील जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकणे हे शिक्षकाला अधिक शोभणारे आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे आणि इथेही लिहिते.

स्विचबद्दल थोडेच सांगते. चेरी या कंपनीचे मूळ पेटंट २०१४च्या सुमारास संपल्यामुळे गेटेरॉन, कैल्ह या कंपन्यांचे स्विच स्वस्तात मिळतात. लाल स्विचला साधारण ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो, तपकिरीला ५५. मी तपकिरी वापरते. निळे फार वाजतात, घरात कोणी झोपत असेल तर नकोत. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये चक्कर मारून लाल आणि तपकिरी दोन्ही प्रकार बोटांखाली पाहा. स्विच हाताने काढून बदलता येतील असा कीबोर्ड मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यावेत.

दोन गोष्टी राहिल्या. रंगीत दिव्यांची हौस असेल तर ओपनआरजीबी या दिव्यांचे रंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीत तो कीबोर्ड आहे का ते आधी तपासा, कारण सगळे त्यात नाहीत. आणि तुमची डिस्क कूटबद्ध असेल तर केवळ ब्लूटूथवर चालणारा कीबोर्ड घेऊ नका, कारण संगणक सुरू होताना पासवर्ड विचारला जातो तेव्हा ब्लूटूथ सहसा जागे झालेले नसते. तारेने किंवा यूएसबी रिसीव्हरने जोडता येणाराच घ्या.